डोक्यावरची काच

1998 च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत ऑगमेंटेड रिअॅलिटीवर काम करणाऱ्या संशोधकांची एक छोटी परिषद भरली होती. समोरचं खरं जग दिसत असतानाच त्यावर संगणकाने काढलेलं चित्र नेमक्या जागी बसवून दाखवायचं, हा या मंडळींचा ध्यास. त्यासाठी डोक्यावर शिरस्त्राण चढवायचं आणि डोळ्यांपुढे काच किंवा पडदा धरायचा, हे बहुतेकांनी गृहीतच धरलं होतं. त्या परिषदेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिलमधल्या तिघांनी एक निबंध मांडला. पहिलं नाव रमेश रासकर या विद्यार्थ्याचं, त्यानंतर ग्रेग वेल्च आणि हेन्री फुक्स या शिक्षकांची. निबंधाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: काच डोक्यावर कशाला हवी? प्रोजेक्टर घ्या आणि चित्र थेट वस्तूवरच टाका.

रासकर मूळचे नाशिकचे. पुण्याच्या सीओईपीतून इंजिनिअर होऊन ते अमेरिकेला गेले आणि जिथे पोहोचले ती प्रयोगशाळा डोक्यावरच्या पडद्यांसाठीच जगभर ओळखली जात होती. त्या घरात बसून हा प्रश्न विचारणं सोपं नव्हतं. तो त्यांना का विचारावासा वाटला, हे कळायचं तर या काचेची गोष्ट आधी पाहायला हवी.

काचेतून खरं आणि खोटं एकत्र दाखवण्याची युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. 1862 च्या नाताळात लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर भूत उभं केलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. प्रेक्षक आणि नट यांच्यामध्ये मोठी काच तिरकी लावलेली, आणि प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खड्ड्यात प्रखर उजेडात उभा दुसरा नट. काचेतून रंगमंच दिसे आणि त्याच काचेवर खड्ड्यातल्या नटाचं प्रतिबिंब. पुढे 1900 साली डब्लिनचे दुर्बीण बनवणारे हॉवर्ड ग्रब यांनी बंदुकीच्या नेमासाठी याच तत्त्वाचं पेटंट घेतलं. त्यांनी एक मोलाची भर घातली होती. नेमाची खूण भिंगातून अशी पाठवायची की तिचे किरण समांतर व्हावेत आणि ती दूरच्या लक्ष्याइतकीच दूर भासावी. मग डोळ्याला खूण आणि लक्ष्य दोन्ही एकाच वेळी स्वच्छ दिसतात. लढाऊ विमानांच्या वैमानिकापुढची तिरकी काच याच कल्पनेतून आली. आपल्या तेजस विमानातली ही यंत्रणा चंदीगडच्या सीएसआयओ या संशोधन संस्थेने विकसित केली आहे.

ही काच डोक्यावर चढली ती 1968 साली. हार्वर्डमध्ये आयव्हन सदरलँड यांनी बॉब स्प्राऊल या विद्यार्थ्याला हाताशी घेऊन जे यंत्र बांधलं, त्यात दोन्ही कानशिलांशी छोट्या चित्रनळ्या होत्या. त्यांतलं चित्र भिंगांतून मोठं होऊन अर्धपारदर्शक आरशांवरून डोळ्यांत जाई. माणसाचं डोकं कुठे वळलं हे कळावं म्हणून छतावरून एक दांडा खाली येऊन शिरस्त्राणाला जोडलेला असे. डोक्यावर टांगलेल्या त्या दांड्यामुळे यंत्राला डॅमोक्लिसची तलवार हे नाव चिकटलं. दृष्टिक्षेत्र होतं 40 अंशांचं. आत दिसायच्या त्या नुसत्या उजळ रेषा: एक सायक्लोहेक्झेनचा रेणू, चार भिंतींवर चार दिशांची अक्षरं लिहिलेली एक खोली. पण डोकं हललं की त्या रेषा हवेत एका जागी स्थिर राहत, आणि त्यातच सगळं आलं. त्या वर्षीच्या डिसेंबरात सदरलँड यांनी हे काम जाहीर केलं तेही सॅन फ्रान्सिस्कोतच.

सदरलँड नंतर युटा विद्यापीठात गेले. त्याच युटातून 1975 साली डॉक्टरेट घेतलेले हेन्री फुक्स 1978 मध्ये चॅपल हिलला आले. 1992 मध्ये फुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गरोदर बाईच्या सोनोग्राफीचं चित्र डोक्यावरच्या पडद्यातून थेट तिच्या पोटावर, आतल्या गर्भाच्या जागी बसवून दाखवलं. डॉक्टरने नजर बाजूच्या मॉनिटरकडे न वळवता रुग्णाच्या शरीरातच पाहावं, हे स्वप्न. माझ्या मते या सबंध विषयातलं सर्वांत उदात्त स्वप्न तेच आहे. पण ते शिरस्त्राण डोक्यावर घेऊन कोणी सर्जन दिवसभर वावरू शकला नसता. यंत्र जड, चित्र अंधूक, दृष्टिक्षेत्र चिमूटभर.

असं का व्हावं? दोष कारागिरीचा नव्हता. डोळ्यापासून इंचभर अंतरावर ठेवलेली कोणतीही वस्तू आपल्याला स्पष्ट दिसत नाही. म्हणून पडदा आणि डोळा यांच्यामध्ये भिंग लागतं, जे चित्र दूरवर नेऊन ठेवल्याचा आभास करतं. आता चित्र रुंद हवं असेल तर भिंगाला मोठ्या कोनातून प्रकाश गोळा करावा लागतो. शिवाय डोळा एका जागी थांबत नाही. बाहुली काही मिलिमीटरची, पण ती खोबणीत सतत फिरते आणि चष्मा नाकावरून घसरतो. तेव्हा प्रकाशाचा झोत बाहुलीपेक्षा बराच रुंद असावा लागतो, नाहीतर नजर जरा वळली की चित्र गुल. कोन वाढवा, झोताची रुंदीही वाढवा, की काच फुगत जाते. या दोहोंचा गुणाकार कोणत्याही भिंगाने किंवा आरशाने फुकटात वाढत नाही, हा प्रकाशाचा मूलभूत नियम आहे. वर आणखी अट अशी की त्याच काचेतून बाहेरचं जग सरळ, न वाकता दिसलं पाहिजे. अर्धा आरसा लावला तर पडद्याचा अर्धा उजेड वाया जातो आणि जगाचाही अर्धा.

हे कोडं सोडवण्यासाठी भिंगतज्ज्ञांनी आयुष्यं घातली. जॅनिक रोलंड 1990 च्या दशकात चॅपल हिलमध्येच होत्या. काचेतून जग थेट दाखवणं बरं की कॅमेऱ्यातून, याची रीतसर तुलना त्यांनी आणि फुक्स यांनी केली. पुढे गोलाईच्या नियमात न बसणाऱ्या, हव्या तशा वळवलेल्या पृष्ठभागांचं शास्त्र त्यांनी पुष्कळ पुढे नेलं. होंग हुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये अशाच पृष्ठभागांचा एक प्रिझम प्रसिद्ध केला. वरच्या बाजूने छोट्या पडद्याचा प्रकाश आत शिरतो, आतल्या आत परावर्तित होत दुमडतो आणि डोळ्यात उतरतो. 53.5 अंशांचं दृष्टिक्षेत्र आणि बाहुलीला फिरायला 8 मिलिमीटरची जागा. नुसत्या या प्रिझममधून बाहेरचं जग मात्र वेडंवाकडं दिसलं असतं. म्हणून त्याच्या बाहेरच्या अंगाला उलट वळणाचा दुसरा तुकडा चिकटवला. पडद्याचा प्रकाश फक्त पहिल्याला ओळखतो, जगाचा प्रकाश दोहोंतून जातो आणि सरळ होऊन बाहेर पडतो. काचकामाचा इतका देखणा नमुना विरळाच.

हे सगळं पुढचं. 1998 मध्ये रासकरांपुढे होती ती जुनी, जड शिरस्त्राणं. त्यांनी अडचण सोडवण्याऐवजी चित्राची जागाच बदलली. चित्र वस्तूवर टाकलं की काच, झोताची रुंदी, घसरणारा चष्मा हे सगळे प्रश्न एका झटक्यात बाद होतात. त्याच वर्षी संगणकीय चित्रांवरच्या सिग्राफ परिषदेत फुक्स यांच्या चमूने भविष्यातल्या कार्यालयाची कल्पना मांडली. त्यात खोलीच्या भिंती हाच पडदा, आणि निबंधाच्या लेखकांत पहिलं नाव रासकरांचंच.

2001 मध्ये त्यांनी, वेल्च यांनी आणि आणखी दोन सहकाऱ्यांनी हे तत्त्व दाखवायला ताजमहाल निवडला. टेबलावर ताजमहालाची साधी पांढरी प्रतिकृती. तिच्यावर कुठलाही रंग नाही, नक्षी नाही. प्रोजेक्टर सुरू झाले की घुमटावर संगमरवराची छटा येई, सूर्य फिरल्यासारख्या सावल्या सरकत. खरी गुंतागुंत होती ती दोन प्रोजेक्टरांचे झोत जिथे एकमेकांवर येतात तिथे. घुमटाच्या वळणावर एकाचा उजेड किती कमी करायचा आणि दुसऱ्याचा किती वाढवायचा हे प्रत्येक बिंदूसाठी मोजावं लागे, नाहीतर मध्ये पांढरा पट्टा उमटतो. पाहणाऱ्याच्या डोक्यावर मात्र काहीच नव्हतं. चारजण टेबलाभोवती उभे राहून एकाच वेळी तोच ताजमहाल पाहू शकत होते. आज किल्ल्यांच्या आणि मंदिरांच्या भिंतींवर जे प्रकाशाचे खेळ होतात, त्यांच्यामागचं गणित या कामाला फार जवळचं आहे. 2005 मध्ये ऑलिव्हर बिंबर यांच्याबरोबर रासकरांनी या विषयावर ग्रंथच लिहिला.

पण या मार्गाची मर्यादा त्यांनाही दिसत असणारच. उन्हात प्रोजेक्टर चालत नाही. हवेत तरंगणारी वस्तू टाकायला मागे काही पृष्ठभाग नसतो. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाबरोबर प्रोजेक्टर चालू शकत नाही. जगावर टाकलेला प्रकाश जगापुरताच राहतो, आणि काचेचा प्रश्न तिथेच उभा राहतो.

त्यात आता आणखी एका अडचणीची भर पडली होती, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत खोल होती. बोट डोळ्यांसमोर जवळ आणा. दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातलं भिंग फुगून बोटावर नजर स्थिरावते. लहानपणापासून या दोन हालचाली जोडीने होत आलेल्या असतात. डोक्यावरच्या पडद्यात त्या फुटतात. डाव्या आणि उजव्या डोळ्याला वेगळी चित्रं दाखवून वस्तू हाताच्या अंतरावर भासवली तर डोळे आत वळतात, पण प्रकाश येतो तो पडद्यापुढच्या भिंगाने ठरवलेल्या एकाच अंतरावरून, म्हणजे होलोलेन्ससारख्या डोक्यावर घालायच्या उपकरणात सुमारे 2 मीटरवरून. डोळे एक सांगतात, भिंग दुसरं. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवलं की या विसंगतीने डोळे थकतात आणि खोलीचा अंदाज घ्यायला वेळ लागतो. काच कितीही सुबक घासली तरी हा दोष जात नाही, कारण तो काचेत नाहीच. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका सगळीकडे सारखाच प्रकाश फेकतो. खऱ्या वस्तूचा ठिपका मात्र प्रत्येक दिशेला आपापला किरण पाठवतो, आणि त्या किरणांच्या पसरण्यातूनच डोळ्याला अंतर कळतं.

म्हणजे चित्र दाखवून भागणार नाही, किरण दाखवावे लागतील. हा विचार जुना. गॅब्रिएल लिपमन यांनी 1908 मध्येच असंख्य बारीक भिंगांच्या जाळीमागे छायाचित्र ठेवून किरणांची दिशा जपण्याची योजना मांडली होती. शंभर वर्षं ती बहुतांशी कागदावर राहिली, कारण दिशा जपायची तर स्पष्टता सोडावी लागे.

2008 मध्ये रासकर एमआयटी मीडिया लॅबमध्ये आले आणि त्यांचा कॅमेरा कल्चर हा गट सुरू झाला. प्रकाशाची एका सेकंदात लाख कोटी चित्रं टिपण्याच्या वेगाने काम करणारा त्यांचा कॅमेरा जगभर गाजला, पण इथे मला दुसऱ्या कामाबद्दल लिहायचं आहे. डग्लस लॅनमन, गॉर्डन वेट्झस्टाईन आणि मॅथ्यू हिर्श हे तरुण त्या गटात होते. त्यांनी द्रवस्फटिकाचे पडदे एकामागे एक रचले. मागून येणारा किरण पहिल्या पडद्यावरच्या एका ठिपक्यातून जातो, दुसऱ्यावरच्या दुसऱ्या ठिपक्यातून, आणि वाटेत प्रत्येक जण त्याला थोडाथोडा मंद करतो. किरण तिरका गेला तर त्याचे ठिपके वेगळे, म्हणून त्याचा उजेडही वेगळा. कोणत्या पडद्यावर काय उमटवलं तर सगळे किरण हवे तसे बाहेर पडतील, हे शोधण्यासाठी 2011 मध्ये त्यांनी सीटी स्कॅनचं गणित उलटं फिरवलं. 2012 मध्ये त्याच्याही पुढे जाऊन, डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने पडदे बदलत, अनेक अपुऱ्या चित्रांची बेरीज डोळ्यातच होऊ दिली. भिंगांचा भार गणिताने उचलायला सुरुवात केली ती इथे.

याच गटात, याच काळात, अगदी उलट्या दिशेने एक काम चाललं होतं. चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचं यंत्र वाचकांना माहीत असेल. मी ज्या दुकानात जातो तिथेही ते आहे. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं. आत एक लांबच लांब सरळ रस्ता दिसतो आणि त्याच्या टोकाला रंगीत बलून. बलून आधी धूसर असतो, मग स्पष्ट होतो, परत धूसर. आपण ते चित्र पाहत असतो तेव्हा यंत्र डोळ्यात न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडून परत आलेला मोजत असतं. बलून दूर भासवण्याचा हेतू एवढाच की डोळा सैल पडावा. नीट पाहिलं तर हा डोळ्याजवळचा पडदाच आहे, आणि तो लाखांच्या घरातला.

2010 मध्ये व्हिटर पॅम्प्लोना, अंकित मोहन, मॅन्युएल ऑलिव्हेरा आणि रासकर यांनी हे यंत्र मोबाईलच्या पडद्यावर आणलं. नाव ठेवलं नेत्र. पडद्यावर एक छोटी जोडणी बसवायची, तीत दोन छिद्रं किंवा बारीक भिंगं. प्रत्येकामागे पडद्यावर एक रेघ, एक लाल आणि एक हिरवी. डोळा निर्दोष असेल तर दोन्ही रेघांचे समांतर किरण दृष्टिपटलावर एकाच जागी पडतात आणि एकच रेघ दिसते. नंबर असेल तर त्या सुट्या दिसतात. मग माणसाने मोबाईलची बटणं दाबत त्या एकमेकींवर आणायच्या. किती सरकवल्या, त्यावरून नंबर कळतो. हेच वेगवेगळ्या कोनांत केलं की आडव्या-उभ्यातला फरक, म्हणजे सिलिंड्रिकल नंबरही मिळतो. डोळ्यात काही सोडायचं नाही, परत आलेलं काही मोजायचं नाही. मोजणारा डोळ्याचा मालक स्वतःच. मोबाईलच्या पडद्यावरचे ठिपके तोवर इतके बारीक झाले होते की एकेका ठिपक्याची सरक मोजमापाला पुरी पडे. जोडणीचा खर्च दोन डॉलरच्या आत होता.

जगात किमान 220 कोटी लोकांना दृष्टीचा काहीतरी त्रास आहे, आणि त्यातल्या किमान 100 कोटींचा त्रास टाळता आला असता किंवा अजून दूर व्हायचा आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालात आहे. त्यांतल्या कोट्यवधींना लागतो फक्त एक साधा चष्मा. हे लक्षात घेतलं की डोळ्याजवळच्या पडद्याचं शास्त्र नेत्रकडे वळवण्याचं महत्त्व कळतं. मला रासकरांच्या साऱ्या कामात हे वळण सर्वांत मोठं वाटतं. शिरस्त्राण हलकं करण्यासाठी लागणारं किरणांचं ज्ञान त्यांनी बस्तरमधल्या एखाद्या आश्रमशाळेपर्यंत पोहोचू शकेल अशा साधनात ओतलं. 2015 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने त्यांनी नाशिकमध्ये कुंभथॉन नावाने तरुणांना जमवून शहराच्या अडचणींवर उपाय शोधायला लावलं, तीही त्याच वृत्तीची खूण. 2016 मध्ये त्यांना पाच लाख डॉलरचं लेमेलसन-एमआयटी पारितोषिक मिळालं.

आणि गंमत अशी की नेत्रमधून वाट पुन्हा पडद्याकडेच आली. डोळ्याचा दोष पडद्याने मोजता येतो, तर तो पडद्यानेच भरून का काढू नये? 2012 मध्ये पॅम्प्लोना आणि मंडळींनी, तर 2014 मध्ये फू-चुंग हुआंग, वेट्झस्टाईन, ब्रायन बार्स्की आणि रासकर यांनी असे पडदे करून दाखवले की जे चष्मा काढलेल्या डोळ्यालाही स्पष्ट दिसावेत. किरण आधीच उलटे वाकवून पाठवायचे आणि डोळ्यातल्या दोषाने ते सरळ करायचे.

गटातली माणसं पांगली आणि काम डोक्यावर परतलं. लॅनमन एनव्हिडिया कंपनीत गेले आणि 2013 मध्ये डेव्हिड लुबकी यांच्यासह त्यांनी लिपमन यांची शंभर वर्षांपूर्वीची भिंगांची जाळी छोट्या पडद्यावर बसवली. जाडी सुमारे एक सेंटिमीटर, आणि घालणाऱ्याचा नंबरही गणितातच धरलेला. किंमत मोजावी लागली ती स्पष्टतेत. 2014 मध्ये चॅपल हिलचे अँड्र्यू मायमोन, त्यांच्याबरोबर लॅनमन, लुबकी आणि हेन्री फुक्स यांनी भिंगच काढून टाकलं. कडेने उजळलेल्या अॅक्रिलिकच्या पट्टीवर बारीक ठिपके कोरले, ते प्रकाशाचे बिंदू झाले, आणि पुढे पारदर्शक पडदा. चष्म्यासारखं दिसणारं उपकरण आणि 110 अंशांच्या आसपासचं दृष्टिक्षेत्र. वेट्झस्टाईन स्टॅनफर्डला गेले. त्यांनी आणि हुआंग यांनी 2015 मध्ये एमआयटीतले एकामागे एक पडदे शिरस्त्राणात बसवले. लॅनमन पुढे ऑक्युलस या कंपनीत गेले आणि डोळ्याच्या नजरेप्रमाणे पडदा मागेपुढे सरकवणारं उपकरण तिथे तयार झालं.

बाजारात मात्र तोवर दुसराच मार्ग जिंकत चालला होता. होलोलेन्समध्ये पातळ काचपट्टी असते. प्रकाश तिच्या एका टोकाला सूक्ष्म रेघांतून आत शिरतो, दोन्ही पृष्ठभागांवर आदळत आत अडकून पुढे सरकतो, आणि डोळ्यासमोरच्या रेघांतून थोडाथोडा बाहेर सांडतो. प्रत्येक सांडणीला तेच चित्र नव्याने मिळतं, म्हणून बाहुली कुठेही वळली तरी चित्र हजर. बहुतेक प्रकाश वाटेतच हरवतो, हे त्याचं मोल. 2024 च्या सप्टेंबरात मेटाने दाखवलेल्या ओरायन चष्म्यात काचेऐवजी सिलिकॉन कार्बाइड आहे. त्याचा अपवर्तनांक काचेपेक्षा बराच जास्त, म्हणून जास्त कोनांतला प्रकाश आत अडकतो, आणि दृष्टिक्षेत्र 70 अंशांच्या आसपास गेलं. तो विक्रीला काढलेला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात वेट्झस्टाईन यांच्या गटातल्या मनू गोपकुमार आणि सहकाऱ्यांनी नेचर या नियतकालिकात पातळ पट्टीतून संपूर्ण रंगीत त्रिमित होलोग्राम दाखवले. पट्टीवरच्या रेघा प्रकाशाच्या तरंगलांबीहून बारीक, आणि पट्टीतल्या प्रकाशाची चाल शिकून घेतलेलं गणित तिच्या उणिवा भरून काढतं. डोळे आणि भिंग यांची फुटलेली जोडी पुन्हा जुळवण्याची शक्यता तिथे आहे.

तरी एक गोष्ट अजून कोणत्याही पट्टीने सुटलेली नाही. पडदा आपल्या चित्राचे किरण हवे तसे वाकवू शकतो, पण जगाकडून येणारे किरण त्याच्या ताब्यात नाहीत. अशा चष्म्यांत म्हणून पट्टीच्या आतल्या बाजूला उणे अर्ध्या नंबरचं भिंग लावतात, म्हणजे चित्र 2 मीटरवर येतं, आणि बाहेरच्या बाजूला अधिक अर्ध्याचं, म्हणजे जगासाठी दोन्ही मिळून शून्य होतं. ज्याला उणे चारचा नंबर आहे त्याच्यासाठी आतलं भिंग उणे साडेचारचं घासावं लागतं, आणि तो चार आधी कुणीतरी मोजून द्यावा लागतो.